कुत्र्याचं फेफरं अन् माझे दहा दिवस

त्या दिवशी खळ्यावर आम्ही पाच मोठी माणसं व्हतो. मी, माझी सासू, माझे मालक, गावचे पाटील अन् सलोतरी चाचा. सलोतरी म्हंजी घोड्यांचा वैद्य. चाचांनी जवानीपासून जालन्याच्या रिसाल्यात, म्हंजी घोडदळात, घोडे बघितले, म्हातारपणी आमच्या गावात येऊन राह्यले. बाभळीला बांधलेल्या झोळीत माझी चार म्हयन्याची लेक निजली व्हती. अन् कुत्रं व्हतं. बस, एवढेच. नावं मी सांगत न्हाई. त्यातलं आता मी अन् ती लेक सोडून कोणी राह्यलं न्हाई.

राज निजामाचं व्हतं. आमचं गाव अंबडहून चार कोसावर. माघ सरत आल्ता, ज्वारीचं खळं चालू व्हतं. मी वावडीवर चढून उपनून राह्यले व्हते. वावडी म्हंजी तीन पायाची उंच घोडी, तिच्यावर उभं राहून वाऱ्याला दाणे सोडायचे, भुसकट उडून जातं. सासू खालून पाट्या भरून देत व्हती. मालक बैलांना पाणी पाजत व्हते. पाटलाची घोडी लंगडत व्हती म्हणून चाचा तिचा खूर बघायला आल्ते, अन् दोघं बोलत बोलत आमच्या खळ्यावर टेकले व्हते.

कुत्र्याला नाव ठेवायची आमच्यात रीत नव्हती. यू यू केलं की ते यायचं. मालकांनी धनगराकडून शेल्यात गुंडाळून आणल्तं, तव्हा माझ्या तळहाताएवढं व्हतं. रंगानं तांबडं, एक कान फाटका. खळ्याची राखण तेच करायचं.

ते कडब्याच्या सावलीला पडल्तं. तिथून उठलं अन् माझ्याकडं आलं. वावडीच्या पायाला अंग घासलं, वर बघितलं. मला वाटलं भाकर मागतंय. तोंडानं चपचप करत व्हतं, खायला काही नसताना. मंग एका जागी थांबलं. त्याची नजर माझ्यातून आरपार निघून गेली, अन् ते पडलं.

चारी पाय पळायला लागले. आडवं पडूनच पळत व्हतं, जणू त्याच्या पायाखाली दुसरीच कुठली जमीन व्हती. दात वाजत व्हते, तोंडाला फेस, मूत सुटलं. मी जन्मात असं काही बघितलं नव्हतं. एवढंसं जनावर, अन् त्याच्या अंगातून केवढा जोर चालला व्हता. मी वावडीवर तशीच उभी राह्यले, हातातली पाटी कलली अन् दाणे सगळे खाली गेले.

मालक म्हणले, "पिसाळलं. दूर व्हा समदे."

सासू म्हणली, "पिसाळलं न्हाई, फेफरं हाय. तुझं पायताण दे इकडं."

आमच्यात फेफरं आलेल्या माणसाला पायताण हुंगवायची रीत. न्हाई तर कांदा फोडून नाकाला लावायचा. अन् दातखीळ बसली की तोंडात लाकूड घालायचं, न्हाई तर जीभ गिळून माणूस जातं, असं सगळे म्हणायचे. सासूनं मालकाचं पायताण कुत्र्याच्या नाकाशी धरलं. मी खाली उतरले अन् ज्वारीच्या धांड्याचा तुकडा त्याच्या दातात सारला. धांडा कटकन मोडला. मला वाटलं जीभ गिळतंय, म्हणून म्या बोटं घातली.

त्यानं चावलं असं मी कधीच म्हणले न्हाई. जात्यात बोट सापडावं तसं झालं. अंगठ्यात अन् शेजारच्या बोटात दात गेले. जबडा ढिला पडला तव्हा म्या हात काढला. रगत कोपरापस्तोर आल्तं.

पाटील उठून उभे राह्यले. आदल्या साली वाटूरकडं एका गड्याला कुत्रं चावल्तं. पाण्याचा तांब्या दावला की त्याचा घसा आवळायचा, अन् तसाच तो गेला. हे गावात लेकराबाळाला ठाऊक व्हतं. पाटील मालकाला म्हणले, "काठी आण. हितंच संपव. गावात शिरलं तर किती जणांला चावंल."

मालकांनी काठी आणली. सासू मधी उभी राह्यली.

"पाटील, तुमची घोडी लंगडली तर तिला वैद्य, अन् आमचं कुत्रं पडलं तर त्याला काठी व्हय?"

"म्हातारे, तुझ्या सुनेच्या हाताकडं बघ."

"तेच बघून राह्यले. कुत्रं आज मेलं, तर माझ्या सुनेचं पुढं काय व्हणार, हे मला कोण सांगंल? तुम्ही सांगसाल?"

पाटील परत खाली टेकले. पिसाळलेलं कुत्रं दहा दिवस काढत न्हाई, हे त्यांलाबी ठाऊक व्हतं. दहा दिवस ते जगलं तर मी जगणार. मेलं, तर मला माझं समजून चुकायचं. सासू माझ्या मायेनं बोलली का कुत्र्याच्या, ते म्या तिला कधी विचारलं न्हाई. पण बराबर बोलली.

चाचा तवर कुत्र्याजवळ उकिडवे बसल्ते. हात लावत नव्हते, नुसतं बघत व्हते. म्हणले, "पाटील साब, रिसाल्यात घोड्यालाबी मिरगी यायची, तुमचं हेच फेफरं. साहेबलोकांच्या कुत्र्यांलाबी म्या बघितली. ही मलाबी मिरगीच वाटती. पण कुराणावर हात ठेवून न्हाई सांगू शकत. दस दिन बांधा." मंग सासूकडं वळले. "अन् भाबी, ते पायताण खाली ठेवा. चप्पल हुंगवून मिरगी जात असती तर गावात हकीम कशाला, मोचीच बसवला असता."

मालक माझ्या हातात तिखट भरायला निघाले व्हते. कुत्रं चावलं की तिखट भरायचं, हीबी रीतच. चाचांनी त्यांला थांबवलं. "पहिले धू. लई धू." साबण कुठला खळ्यावर. बैलांसाठी आणलेल्या घागरी सासूनं माझ्या हातावर एकामागं एक ओतल्या. चाचा थांबू देईनात. सगळं झाल्यावर मालकांनी घरी नेऊन तिखट भरलंच. ते दुखणं चावण्याच्या दुखण्याहून मोठं व्हतं.

कुत्रं थांबलं तव्हा आधी नुसतं पडून व्हतं. मंग उठलं, लडबडत चाललं, अन् बैलाच्या पायावर जाऊन धडकलं. डोळे उघडे, पण दिसत काही नव्हतं. माझ्यावर गुरगुरलं, मला वळखलं न्हाई. घडीभरानं वारं पडावं तसं ते शांत झालं, माझ्याकडं आलं, अन् माझ्या रगताचा वास घेऊन शेपूट हालवली. ते कुठंतरी लांब जाऊन आल्तं, अन् आपण काय केलं ते त्याला ठाऊक नव्हतं. मला त्याचा राग येईना. मला नुसतं नवल वाटत व्हतं.

पोटात घ्यायच्या सुया असतात असं पाटील म्हणले, पण त्या हैद्राबादेला. आमच्या घरातलं कोणी आगगाडीत बसलं नव्हतं. कुठं उतरायचं, कुणाला विचारायचं. ते बोलणं तिथंच राह्यलं.

कुत्रं रिकाम्या कोठ्यात, म्हंजी गोठ्यात, बैलाच्या साखळीनं बांधलं. मला पडवीच्या टोकाला घोंगडं टाकून दिलं. ताट निराळं, तांब्या निराळा. अन् लेक माझ्याकडं दिली न्हाई. सासू म्हणली, "दहा दिवस शेळीचं दूध पाजते. तुझ्या दुधात काही गेलं असंल तर पोरीला कशाला." मी न्हाई म्हणले न्हाई. तव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं. लेक आतल्या घरात रडायची, मी पडवीत बसून ऐकायची. दूध दाटून यायचं, ते भिंतीच्या कडंला पिळून टाकायचं. कढ यायचे, ताप यायचा, अन् ताप कशाचा ते समजायचं न्हाई. दुधाचा म्हणावा का कुत्र्याचा.

लेकीकडं जायची बंदी व्हती, कुत्र्याकडं नव्हती. मंग मी कोठ्याच्या दाराशी जाऊन बसायची. सासू टोमणा मारायची, "जा, तुझं लेकरू तिकडं बांधलंय." पण तिची भाकर माझ्या ताटात आली की तिच्यात एक जादा निघायची, कुत्र्याच्या नावाची.

पहिले दोन दिवस ते जेवलं, पाणी प्यालं. मालक रोज सांजच्याला पाटलाला जाऊन सांगायचे, "पाणी प्यालं." पाटील म्हणायचे, "उद्याचं बघू."

तिसऱ्या दिवशी दुपारच्याला फेफरं पुन्हा आलं. चाचा तव्हा दारात बसल्ते. कुत्रं उठून साखळी ताणून माझ्याकडं यायला लागलं, तोंडानं चपचप. मी म्हणले, "चाचा, आता येणार." त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणले, "तुला कसं समजलं?" म्या सांगितलं, परवाबी असंच माझ्याकडं आल्तं. बोलणं संपायच्या आत ते पडलं.

मी उठले तशी चाचांनी काठी आडवी धरली. "बैस. हात नको लगा, बेटी. जबान कोणी गिळत न्हाई, रिसाल्यात चाळीस साल काढले, एका जनावरानं गिळलेली न्हाई बघितली. तो धोंडा काठीनं बाजूला सार, डोकं आपटंल. दार लोटून घे, उजेड नको. बोलू नको. अन् मोज."

मला वीसाच्या वर मोजता येत नव्हतं. मी म्हणले, ओवी म्हणू का. दळताना एक पायली दळायला किती ओव्या लागतात ते मला बराबर ठाऊक व्हतं. चाचा हसले, म्हणले, "म्हण, पण मनात." मंग अंधारात मी मनात ओव्या म्हणत बसले, एक झाली, दोन झाल्या, अन् ते पळत व्हतं. फटीतून उन्हाची एक रेघ त्याच्या पोटावर पडल्ती अन् हालत व्हती. तिसरी ओवी संपली अन् पाय थांबले. एक लांब श्वास घेतला. मला असं वाटलं, वरून कुण्या देवानं त्याला धरून हालवलं अन् सोडून दिलं. चाचा हळू म्हणले, "तीन-चार ओव्यांत थांबलं तर डर न्हाई. दहा झाल्या अन् थांबंना, न्हाई तर उठायच्या आत दुसरी आली, तर ओलं फडकं पोटाला अन् पंजाला लाव. अंग भट्टीवानी तापतं. अन् लगेच जवळ जाऊ नको. आता ते आंधळं हाय, आपल्या माणसालाबी वळखत न्हाई."

जाताना म्हणले, "भिंतीवर निशाण कर. कधी आली, किती ओव्या." म्या कोळशानं दोन रेघा काढल्या, एक खळ्यावरची, एक ही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चाचा पाटलाची घोडी घेऊन अंबडला गेले. तिथं नालबंद व्हता. चार दिवस येणार नव्हते.

अन् त्याच दिवशी कुत्र्यानं पाणी सोडलं.

सकाळी पाण्याचं मातीचं येळणं भरलेलं तसंच. दुपारी तसंच. सासूनं दाराच्या फटीतून बघितलं. बाहेर आली तव्हा तिचं तोंड उतरल्तं. म्हणली, "पाण्याकडं बघून घशातून आवाज काढून राह्यलं. गळा आवळल्यावानी करतंय." मालक उठले. कुऱ्हाड घेऊन पाणदगडावर घासायला बसले. पाटलाला सांगायला कोणी गेलं न्हाई, पण सांजच्याला न सांगता पाटील आले. त्यांनी फटीतून बघितलं, आवाज ऐकला. म्हणले, "सकाळी येतो. आता म्हातारी आडवी आली तरी ऐकणार न्हाई." मंग माझ्याकडं न बघता म्हणले, "हिच्या माहेरी निरोप धाडा."

त्या रात्री सासूनं लेकीला आणून पडवीच्या दुसऱ्या टोकाला निजवलं. हातभर लांब. म्हणली, "हात लावू नको. बघ नुसतं." मी बघत राह्यले. मला रडू आलं न्हाई. मरणाची एक खबर असती, ती आली व्हती, बस. म्या मनात लेकीच्या दुधाचा हिसाब केला, शेळी किती दिवस दूध देईल, पुढं कोण.

सकाळी मालक सरपणाला गेल्ते, सासू शेळीकडं. पाटील यायला वेळ व्हता. मी उठले अन् कोठ्याचं दार सगळं उघडलं. चाचा अंधार करा म्हणले तव्हापासून ते दार कुणी सगळं उघडलं नव्हतं. मला आता कुत्र्याची भीती कशाची. चावायचं ते चावून झाल्तं.

उजेड आत गेला अन् म्या बघितलं. तिसऱ्या दिवशीच्या फेफऱ्यात साखळी खुंट्याला गुंडाळल्ती. मालक संध्याकाळी भिऊन आत गेले नसणार. त्यांनी बाहेरूनच, गव्हाणीवरच्या खिडकीचं झाप उघडून हात घालून, साखळी सोडवली अन् गव्हाणीच्या वरल्या कडीला अडकवली, आखूड. कुत्रं उभं राहू शकत व्हतं, पण मान खाली जात नव्हती. येळणं काठीनं ढकललेलं, त्याच्या पुढच्या पायापासून वीतभर लांब. ते पाण्याकडं झेप घ्यायचं अन् साखळी गळ्यात बसायची. तोच तो आवाज.

पाण्याला ते भीत नव्हतं. दीड दिवस पाण्यासाठी गळफास घेत व्हतं, अन् आम्ही सगळे फटीतून बघत व्हतो.

म्या येळणं उचललं अन् त्याच्या तोंडापुढं धरलं. ते प्यालं. लपलप लपलप, असं प्यालं की पाणी माझ्या अंगावर, त्याच्या कानावर, सगळीकडं. येळणं रिकामं झालं, मी दुसरं भरलं, तेबी प्यालं. जन्मभर मी पाणी भरलं, पण पाणी पिताना असं कुणाला बघितलं नव्हतं. मी तिथंच गव्हाणीला टेकून खाली बसले. ह्या दोन तांब्याच्या पाण्यात माझा जीव व्हता अन् तो माझ्यापुढं घटघट आवाज करत व्हता.

सासू दारात आली. हातात शेळीच्या दुधाचं भांडं. बघत राह्यली. मंग साखळीकडं बघितलं, कडीकडं बघितलं.

"कुणी बांधलं असं?"



मालक सरपण घेऊन आले तव्हा सासू म्हणली, "ये, तुझ्या पोटच्या पोरीच्या मायला तू आज वर धाडत व्हतास. अन् तेबी एका कडीपायी." मालकांनी सरपण खाली टाकलं. कोठ्यात गेले, साखळी खालच्या खुंट्याला लांब बांधली. लई वेळ आत राह्यले. बाहेर आले तव्हा कुऱ्हाड उचलून घरात नेऊन ठेवली.

पाटील आले, काठीवाला गडी संग. सासूनं त्यांच्यासमोर येळणं भरलं. कुत्रं पुन्हा प्यालं. पाटील म्हणले, "दहा पुरे होऊ द्या." पण जाताना त्यांनी गड्याला काठी खाली घ्यायला लावली.

दहा झाले. आठव्या दिवशी अजून एकदा आलं, पाच ओव्यांचं, तिसरी रेघ झाली. अकराव्या दिवशी चाचांनी त्याला सोडलं अन् ते गावभर हिंडून आलं, लोक ओट्यावर चढून बघत व्हते. त्या दिवशी सासूनं मला पहिले डोक्यावरून न्हाऊ घातलं, मंग लेक आणून माझ्या मांडीवर ठेवली. दहा दिवसांनी तिला चव वळखू येईना. तोंड फिरवलं. मंग लागली.

त्यानंतर ते कुत्रं लई साल जगलं. फेफरं गेलं न्हाई. लोक म्हणायचे अमावास्येला येतं. मी रेघांजवळ चंद्राची खूण करायची, पण अमावास्येला काही जादा येत नव्हतं. उपाशी राह्यलं, रातभर राखण करून झोप झाली न्हाई, दिवसभर उन्हात पळालं, तव्हा जादा यायचं. कधी काहीच कारण नसताना यायचं. म्या त्याला सकाळीच भाकर द्यायची रीत घातली, उन्हाचं पळू देत नव्हते, विहिरीकडं अन् चुलीकडं एकलं जाऊ देत नव्हते. कमी झालं, थांबलं न्हाई. चाचा म्हणले, "बेटी, वारा बंद नाही करता येत. दार लावून घेता येतं."

अन् दर बारीला यायच्या आधी ते माझ्याकडं यायचं. शेतात असू, नदीला असू, ते मला हुडकत यायचं अन् माझ्या पायाशी पडायचं. आपल्यावर काय येणार हे त्याला कसं समजायचं, अन् त्या वेळंला माझ्याचकडं यावं हे त्याला कुणी सांगितलं, ह्याचा विचार मी अजून करते. माझी अक्कल तिथं पुरत न्हाई. मी पदर सावरून बाजूला बसायची अन् मनात ओव्या मोजायची. आपल्याला काही करता येत न्हाई अन् तरी आपली कुणाला गरज असती, हे मला त्याच्याकडून समजलं.

निजामाचं राज जायच्या आदल्या साली ते गेलं. त्या बारीला ओव्या दहाच्या पुढं गेल्या. ओलं फडकं लावलं, पंजे भिजवले. वीस मोजल्या, अन् वीसाच्या पुढं मला मोजता येत नव्हतं. लेकीनं अन् म्या मिळून त्याला शेताच्या बांधाला पुरलं.

हे ऐकणाऱ्याला माझं एकच मागणं हाय. तुमच्या दारचं कुत्रं असं पडलं तर त्याच्या तोंडात हात घालू नका, अन् काठीबी उचलू नका. आजूबाजूचं दगड-लाकूड सारा, उजेड कमी करा, अन् ते शुद्धीवर येस्तवर जवळ बसा. थांबंनाच, तर जनावराच्या डॉक्टरला बोलवा. अन् चावलंच, तर जखम लई वेळ धुवा अन् त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन सुया घ्या. माझ्यावानी दहा दिवस वाट बघत बसू नका.